आयपॉड आणि आयट्यून्स: गाणी सिंक होत नसतील तर कुठून सुरुवात करायची

ॲपलने आयपॉड क्लासिक २०१४ मध्ये बंद केला, नॅनो आणि शफल २०१७ मध्ये. पण ही यंत्रं चिवट निघाली. अजूनही कुणाच्या ना कुणाच्या कपाटातून बाहेर येतात, चार्ज होतात, सुरूही होतात. संगणकाला जोडली की मात्र घोडं पेंड खातं. कधी आयट्यून्सला, म्हणजे आयपॉडवर गाणी चढवणाऱ्या ॲपलच्या प्रोग्रॅमला, आयपॉड दिसतच नाही. कधी दिसतो, पण गाणी चढत नाहीत. आणि कधी सगळी गाणी चढल्याचं आयट्यून्स सांगतं, पण आयपॉडवर बघावं तर एकही नाही.

अशा वेळी बहुतेकांकडून पहिला सल्ला मिळतो तो 'रिस्टोर करून टाका' असा. रिस्टोर म्हणजे आतलं सगळं पुसून नव्याने मांडणं. दोष केबलमध्ये असेल तर रिस्टोरही अर्ध्यावर अडकतो आणि होती ती गाणीही जातात. म्हणून आधी बिघाड नेमका कुठे आहे ते ठरवायचं. त्याला पाच मिनिटं लागतात.

इथली माहिती आयपॉड क्लासिक, नॅनो आणि शफल यांच्यासाठी आहे. संगणक विंडोज १० किंवा ११ चा धरला आहे. मॅकवाल्यांसाठी वेगळं काय ते शेवटाकडे आहे. आयपॉड टच आतून आयफोनसारखा आहे, त्याचं गणित वेगळं, त्यामुळे तो इथे घेतलेला नाही.

जोडण्याआधी एक खबरदारी

आयपॉड जोडल्याबरोबर आयट्यून्स आपणहून सिंक सुरू करू शकतं, म्हणजे आयपॉडवरची गाणी संगणकावरच्या गाण्यांशी जुळवून घेऊ शकतं. आयपॉडवर जुनी गाणी असतील आणि ती दुसरीकडे कुठेच नसतील, तर हे धोक्याचं आहे. आयट्यून्स उघडून 'एडिट', 'प्रेफरन्सेस', 'डिव्हायसेस' इथे जा आणि आयपॉड आपोआप सिंक होऊ नयेत यासाठीचा 'प्रिव्हेंट'ने सुरू होणारा पर्याय निवडून ठेवा. तेवढ्यापुरतंच थांबवायचं असेल तर कंट्रोल आणि शिफ्ट या दोन कळा दाबून धरा, केबल लावा, आणि आयट्यून्समध्ये आयपॉड दिसेपर्यंत सोडू नका.

आता आयपॉड जोडा आणि आयट्यून्सकडे न बघता विंडोजचं 'धिस पीसी' उघडा. ही यंत्रं संगणकाला पेन ड्राइव्हसारखीच दिसतात, त्यामुळे निदान इथेच होतं. तिथे नवी ड्राइव्ह आलीच नाही, तर बिघाड केबल, पोर्ट किंवा आयपॉडमध्ये आहे. आयट्यून्स कितीही वेळा काढून टाकलंत तरी उपयोग नाही. ड्राइव्ह आली पण आयट्यून्समध्ये आयपॉडचं छोटं चित्र नाही, तर गोष्ट विंडोज आणि आयट्यून्स यांच्यामधली आहे. दोन्हीकडे दिसतोय आणि तरी गाणी जात नाहीत, तर दोष बहुधा लायब्ररीत (आयट्यून्समधल्या गाण्यांच्या यादीत), सेटिंगमध्ये किंवा एखाद्या फाइलमध्ये असतो.

ड्राइव्ह आली आणि सिंक संपल्यावर गायब झाली, तर तो बिघाड नव्हे. 'एनेबल डिस्क यूज' हा पर्याय बंद असला की आयट्यून्स काम झाल्यावर आयपॉड स्वतःच इजेक्ट करतं.

संगणकाला आयपॉड दिसतच नाही

पहिला संशय केबलवर घ्या. २००३ पासूनच्या आयपॉडला तीस पिनांची रुंद केबल लागते. सातव्या पिढीच्या नॅनोला लाइटनिंग. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त तीस पिनी केबलींपैकी काहींमध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. ओळखायची खूण सोपी आहे: आयपॉड चार्जिंगचं चिन्ह दाखवतो, पण पडद्यावर 'कनेक्टेड' किंवा 'डू नॉट डिस्कनेक्ट' येत नाही आणि संगणकही जोडल्याचा आवाज करत नाही. असं झालं तर दुसऱ्या केबलशिवाय पुढे जाऊ नका. शफलच्या बाबतीत हा घोळ आणखी होतो. त्याची केबल हेडफोनच्या भोकात बसते, म्हणून साधी ऑक्स केबल आणि ॲडॅप्टर जोडून पाहिला जातो. त्याने काही होणार नाही. शफलची स्वतःची यूएसबी केबलच लागते.

मग आयपॉडचं खालचं भोक उजेडात धरून बघा. खिशातली लव आणि धूळ तळाशी दाबून बसलेली असते, त्यामुळे केबल पूर्ण आत जात नाही. आयपॉड बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच मोकळं करा आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडून घ्या. टाचणी, सेफ्टी पिन वगैरे नको. पिना बारीक आहेत, वाकल्या की सरळ होत नाहीत.

पोर्ट बदलून बघा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पॅनेलवरचा पोर्ट सोडून मागचा, थेट मदरबोर्डवरचा वापरा. कीबोर्डवरचा पोर्ट किंवा स्वतःचा वीजपुरवठा नसलेला हब नको. हार्ड डिस्क असलेला क्लासिक चार्जही होतो आणि डिस्कही फिरवतो, त्याला तिथून पुरेशी वीज मिळेलच असं नाही. निळ्या यूएसबी ३ पोर्टवर अडखळत असेल तर काळ्या किंवा पांढऱ्या यूएसबी २ पोर्टवर लावून पाहा. नव्या लॅपटॉपला असा पोर्टच नसेल तर स्वतःचा ॲडॅप्टर असलेला यूएसबी २ चा जुना हब कामी येतो.

बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर पडदा अर्धा तास काळाच राहू शकतो. तेवढा वेळ चार्जरवर ठेवा आणि मगच रीसेट करा. रीसेट म्हणजे फक्त आयपॉड पुन्हा सुरू करणं. त्याने गाणी जात नाहीत.

क्लासिक आणि पहिल्या पाच पिढ्यांचे नॅनो: वरची होल्डची पट्टी एकदा लावा आणि काढा. मग 'मेनू' आणि मधलं बटण एकत्र, सहा ते आठ सेकंद, सफरचंद दिसेपर्यंत दाबून धरा. पहिल्यांदा जमलं नाही तर पुन्हा करा. बोटं किंचित सरकली तरी चुकतं.

सहावा नॅनो, म्हणजे चौकोनी: स्लीपचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण, किमान आठ सेकंद.

सातवा नॅनो: स्लीपचं बटण आणि होमचं बटण.

शफल: केबल काढा, पट्टी सरकवून बंद करा, दहा सेकंद थांबा, पुन्हा सुरू करा.

रीसेटनेही दिसला नाही, तर क्लासिक आणि पहिल्या पाच नॅनोंसाठी डिस्क मोड आहे. माहीत असणारे कमी, पण निदानाला यासारखं साधन नाही. वर सांगितल्याप्रमाणे रीसेट करा. सफरचंद दिसलं की ती दोन बटणं सोडा आणि लगेच मधलं बटण आणि 'प्ले/पॉज' ही जोडी दाबून धरा. काही सेकंदांत डिस्क मोडचा पडदा येतो. या अवस्थेत आयपॉड आपलं नेहमीचं सॉफ्टवेअर बाजूला ठेवून निव्वळ डिस्क म्हणून वागतो. आता संगणकाला दिसला, तर केबल, पोर्ट आणि डिस्क तिन्ही शाबूत आहेत आणि गडबड आयपॉडच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. डिस्क मोडमध्ये, दुसऱ्या केबलने, दुसऱ्या संगणकावरही दिसला नाही, तर हे दुरुस्तीवाल्याचं काम आहे.

विंडोजला दिसतो, आयट्यून्सला नाही

आयपॉड लावल्याबरोबर विंडोज 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवी' असं म्हणालं तर 'कॅन्सल' दाबा. हा आयपॉड आधी मॅकवर भरलेला असणार. मॅकवर मांडलेल्या आयपॉडची डिस्क एचएफएस प्लस पद्धतीची असते, विंडोजवरची फॅट३२. मॅकला दोन्ही वाचता येतात, विंडोजला पहिली येत नाही. परदेशातून नातेवाइकांनी पाठवलेल्या किंवा जुन्यात घेतलेल्या आयपॉडवर हा प्रकार हमखास भेटतो. आतली गाणी हवी असतील तर कुणाच्या तरी मॅकवर जोडून ती आधी उतरवून घ्या. नको असतील तर आयट्यून्समधून रिस्टोर करा, त्यात डिस्क आपोआप फॅट३२ होते. विंडोजच्या त्या खिडकीतून मात्र फॉरमॅट करू नका. आयपॉडच्या डिस्कवर त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर ठेवायलाही वेगळी जागा लागते, ती मांडणी विंडोजला ठाऊक नसते.

दुसरं कारण ड्राइव्हच्या अक्षराचं. ऑफिसच्या संगणकावर नेटवर्क ड्राइव्ह असतात, काहींवर कार्ड रीडर असतो. आयपॉडला मिळालेलं अक्षर आधीच कुणीतरी अडवलेलं असेल तर तो अर्धवट दिसतो. स्टार्टवर उजवं क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, आयपॉडच्या पट्टीवर उजवं क्लिक करा, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडा आणि वर्णमालेत पुढचं, कुणी वापरत नसलेलं अक्षर द्या.

तिसरं, आयपॉड सर्व्हिस. आयट्यून्स ॲपलच्या साइटवरून उतरवून बसवलं असेल तर विंडोजच्या शोधात 'सर्व्हिसेस' उघडा, यादीत 'आयपॉड सर्व्हिस' शोधा आणि ती थांबवून पुन्हा सुरू करा. त्याआधी आयट्यून्स बंद केलेलं असावं. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या आयट्यून्समध्ये ही नोंद सापडली नाही तर शोधत बसू नका, संगणक रीस्टार्ट करा. दोन्हीकडची आयट्यून्स एकाच संगणकावर असतील तर एक काढा. दोन घरकऱ्यांच्या भांडणात आयपॉड मधल्यामध्ये लटकतो.

गेल्या काही वर्षांत एक नवं कारण आलं आहे. २०२४ मध्ये ॲपलने विंडोजसाठी ॲपल म्युझिक आणि ॲपल डिव्हायसेस ही वेगळी ॲप आणली. ॲपल म्युझिक बसवलं की आयट्यून्सकडे फक्त पॉडकास्ट आणि ऑडिओबुक उरतात, गाण्यांचा कारभार त्या नव्या ॲपकडे जातो आणि उपकरणं सिंक करायला ॲपल डिव्हायसेस लागतं. 'कालपर्यंत आयट्यून्स चालत होतं, आज म्युझिक उघडतच नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच. जुन्या आयपॉडसाठी संगणक ठेवायचा असेल तर ॲपल म्युझिक न बसवता नुसतं आयट्यून्स ठेवणं सोयीचं.

दोघांनाही दिसतो, पण गाणी चढत नाहीत

इथे कारणांची रांग लांब आहे. एरर आला नसेल तर आधी सेटिंग बघा.

आयपॉडच्या चित्रावर क्लिक करून 'समरी' उघडा. 'मॅन्युअली मॅनेज म्युझिक' वर खूण असेल तर गाणी आपोआप जाणारच नाहीत, ती तुम्ही लायब्ररीतून ओढून आयपॉडच्या नावावर टाकायची आहेत. खूण नसेल तर 'म्युझिक' या भागात 'सिंक म्युझिक' चालू आहे का, आणि पूर्ण लायब्ररी निवडली आहे की ठरावीक प्लेलिस्ट, ते पाहा. शेवटी 'अप्लाय' दाबायचं राहून जातं, तेही बघा. नवख्या माणसाला आमचा सल्ला मॅन्युअलचाच आहे. त्यात कुठलं गाणं कधी गेलं ते डोळ्यांसमोर राहतं आणि एका चुकीच्या क्लिकने सगळं पुसलं जाण्याची भीती कमी होते.

'हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी सिंक केलेला आहे, पुसून या लायब्ररीशी सिंक करू का?' अशा अर्थाचा प्रश्न आला तर थांबा. आपोआप सिंकमध्ये आयपॉड एका वेळी एकाच लायब्ररीशी बांधलेला असतो. 'इरेज अँड सिंक' दाबलं की आधीची सगळी गाणी जातात आणि ती परत विचारून मिळत नाहीत. 'कॅन्सल' करा, गाणी वाचवायची असतील तर ती कशी वाचवायची ते पुढे दिलं आहे.

एक खूण मात्र फार छळते. 'समरी'मध्ये 'सिंक ओन्ली चेक्ड साँग्ज' असा पर्याय आहे. तो चालू असेल तर लायब्ररीत ज्या गाण्यासमोर बरोबरची खूण नाही ते गाणं गुपचूप वगळलं जातं, कसलीही सूचना येत नाही. बरं, त्या खुणा दिसतीलच असंही नाही. 'प्रेफरन्सेस'च्या 'जनरल' भागात 'लिस्ट व्ह्यू चेकबॉक्सेस' चालू केल्यावरच त्या यादीत दिसतात. एखाद्या अल्बममधली तीनच गाणी जात असतील आणि बाकीची नाही, तर इथेच बघा.

गाण्यासमोर उद्गारचिन्ह असेल तर आयट्यून्सला ती फाइल सापडत नाहीये. लायब्ररीत फक्त पत्ता असतो, फाइल असते डिस्कवर. ज्यांची गाणी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत त्यांच्याकडे हजारो गाण्यांसमोर एकदम उद्गारचिन्हं उगवतात, कारण काल ती डिस्क 'ई' होती, आज दुसरी पेन ड्राइव्ह आधी लावल्याने ती 'एफ' झाली. एकेक गाणं शोधून देत बसू नका. आयट्यून्स बंद करा, 'डिस्क मॅनेजमेंट'मधून त्या हार्ड डिस्कला तिचं जुनं अक्षर परत द्या, आयट्यून्स उघडा. फाइल खरोखरच दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली असेल तर उद्गारचिन्हावर क्लिक करून 'लोकेट'ने एक गाणं दाखवा. मग बाकीची हरवलेली गाणीही तिथेच शोधू का, असं आयट्यून्स विचारतं. हो म्हणा.

ढगाचं चिन्ह असलेली गाणी अजून संगणकावर उतरलेलीच नाहीत. विकत घेतलेली असतील तर ढगावर क्लिक करून उतरवा आणि मग सिंक करा. ॲपल म्युझिकच्या महिन्याच्या वर्गणीतली गाणी मात्र क्लासिक, नॅनो किंवा शफलवर जातच नाहीत. ती उतरवली तरी कुलूपबंद असतात आणि ते कुलूप उघडणारी सोय या आयपॉडमध्ये नाही. यावर कुठलंही सेटिंग नाही, वेळ घालवू नका.

आता फाइलचा प्रकार. आयपॉडला चालतात ते एमपी३, एएसी, ॲपल लॉसलेस, एआयएफएफ आणि वेव्ह. फ्लॅक, ऑग आणि ओपस आयट्यून्स लायब्ररीत घेतच नाही. ओढून टाकल्या तरी काही होत नाही आणि एररही येत नाही, त्यामुळे माणूस गोंधळतो. फ्लॅक असतील तर फूबार२००० सारख्या प्रोग्रॅमने त्या ॲपल लॉसलेसमध्ये बदलून घ्या. कुलूप नसलेल्या डब्ल्यूएमए विंडोजवरचं आयट्यून्स स्वतःच बदलून घेतं.

ॲपल लॉसलेस असूनही गाणं जात नसेल तर त्यावर उजवं क्लिक करून माहिती उघडा आणि 'फाइल' भागात सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतलेत तो आकडा, बघा. क्लासिकची धाव ४८ किलोहर्ट्झपर्यंत आहे. हाय रेझोल्यूशन म्हणून मिळणाऱ्या ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या फाइली तो घेत नाही. त्या ४४.१ किंवा ४८ वर, १६ बिटमध्ये उतरवा. ९६ च्या फाइलला ४८ आणि ८८.२ च्या फाइलला ४४.१ हा हिशेब बरा, बरोबर निम्मं होतं.

जागेचंही बघा. १६० जीबीच्या क्लासिकवर विंडोजमध्ये १४९ जीबीच्या आसपासच दिसतात, ती चोरी नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी. २५६ केबीपीएसचं पाच मिनिटांचं गाणं साधारण साडेनऊ एमबी घेतं, तेव्हा ८ जीबीच्या नॅनोवर अशी साडेसातशेच्या आसपास मावतात. ॲपल लॉसलेस त्याच्या तिप्पट जागा सहज खातं. कमी पडत असेल तर 'समरी'मध्ये जास्त बिट रेटची गाणी १२८, १९२ किंवा २५६ केबीपीएसच्या एएसीत बदलून पाठवण्याचा पर्याय आहे. संगणकावरची मूळ फाइल तशीच राहते. सिंक मात्र खूप रेंगाळतं, कारण प्रत्येक गाणं आधी बदलावं लागतं. पहिल्या खेपेला रात्रभर लावून ठेवा.

दर वेळी त्याच गाण्यावर अडतं

सिंक सुरू होतं, वरच्या पट्टीत '९०० पैकी २१४' असं काहीतरी दिसतं आणि तिथेच थांबतं. किंवा उणे ५० अथवा उणे ६९ हा एरर येतो. असं झालं की पट्टीवरून नजर हलवू नका, अडलेल्या गाण्याचा आकडा आणि नाव लिहून घ्या. आयपॉड रीसेट करून पुन्हा सिंक करा. दुसऱ्या वेळी त्याच नावावर अडलं तर दोष त्या फाइलमध्ये आहे. दर वेळी वेगळ्या गाण्यावर अडलं तर केबल, पोर्ट किंवा डिस्ककडे वळा.

नाव दिसत नसेल तर निम्म्याने शोधा. गाण्यांच्या दोन प्लेलिस्ट करा, पहिली पाठवा. गेली तर दोषी दुसरीत आहे, तिचे पुन्हा दोन भाग करा. ९०० गाण्यांतून एक खराब फाइल अशा दहा फेऱ्यांत हाती लागते. सापडल्यावर ती लायब्ररीतून काढा आणि मूळ सीडीवरून किंवा दुसऱ्या प्रतीवरून पुन्हा घ्या. दुसरी प्रत नसेल आणि गाणं आयट्यून्समध्ये वाजत असेल, तर 'फाइल', 'कन्व्हर्ट' मधून त्याची एएसी प्रत करून ती पाठवा.

आपल्याकडे यात एक खास भर पडते. शंभर अभंग, दीडशे भावगीतं, निवडक नाट्यगीतं अशा एमपी३ सीड्यांवरून घेतलेल्या फाइलींचे टॅग भयानक असतात. गायकाच्या जागी वेबसाइटचं नाव, गाण्याच्या जागी 'ट्रॅक ०७', अल्बम रिकामा. गाणी आयपॉडवर गेलेली असतात, पण कलाकारांच्या यादीत सापडत नाहीत म्हणून सिंक झालं नाही असं वाटतं. आधी 'साँग्ज'ची पूर्ण यादी बघा. तिथे असतील तर आयट्यून्समध्ये संग्रहातली सगळी गाणी एकदम निवडा, माहिती उघडा, अल्बमचं एकच नाव द्या आणि वेगवेगळे गायक असतील तर 'कंपायलेशन'ची खूण करा. देवनागरीतली नावं जुन्या आयपॉडच्या पडद्यावर चौकोन किंवा भलतीच अक्षरं होऊन आली तर तो सिंकचा दोष नाही. रोमन लिपीत नावं टाकणं हा त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग.

जागा भरलेली, गाणी शून्य

आयपॉडच्या 'अबाउट'मध्ये कित्येक जीबी वापरलेले दिसतात, आयट्यून्सच्या खालच्या पट्टीत 'अदर' नावाचा मोठा तुकडा दिसतो, पण यादीत एकही गाणं नाही. हे समजून घ्यायला आतली रचना माहीत हवी.

'धिस पीसी'मध्ये आयपॉडची ड्राइव्ह उघडा आणि 'व्ह्यू'मधून 'हिडन आयटम्स' चालू करा. 'आयपॉड_कंट्रोल' नावाचा दडवलेला फोल्डर दिसेल. त्यात 'म्युझिक', आणि त्याच्या आत 'एफ००', 'एफ०१' असे क्रमाने फोल्डर. प्रत्येकात गाणी आहेत, पण नावं चार अक्षरांची, अर्थहीन. कुठलं गाणं कुठल्या फाइलमध्ये आहे ही नोंद 'आयपॉड_कंट्रोल' मधल्याच 'आयट्यून्स' फोल्डरमध्ये, एका डेटाबेस फाइलमध्ये असते. आयपॉड फक्त ती फाइल वाचतो. वाचनालयातली पुस्तकं कपाटांत जागच्या जागी आहेत, पण नोंदवही फाटली, तशी ही अवस्था. एक्सप्लोररमधून गाणी कॉपी करून टाकली तर ती वाजत नाहीत, त्याचंही कारण हेच: नोंदच नाही.

ही नोंद बिघडते ती बहुतेक वेळा लिहिणं चालू असताना केबल ओढल्याने.

गाणी वाचवायची तर 'म्युझिक' हा पूर्ण फोल्डर संगणकावर, समजा डेस्कटॉपवर, कॉपी करा. कट नव्हे, कॉपी. मग आयट्यून्सच्या 'प्रेफरन्सेस', 'ॲडव्हान्स्ड' मध्ये दोन खुणा करा: मीडिया फोल्डर नीट लावून ठेवणारी आणि लायब्ररीत घेताना फाइलींची प्रत करणारी. 'फाइल', 'ॲड फोल्डर टू लायब्ररी' मधून तो कॉपी केलेला फोल्डर द्या. नावं चार अक्षरांची असली तरी गाण्याचं, गायकाचं, अल्बमचं नाव बहुतेक फाइलींच्या पोटात टॅगमध्ये असतं. आयट्यून्स ते वाचून फाइलींना नीट नावं देतं आणि फोल्डर लावतं. प्लेलिस्ट, तारे आणि किती वेळा वाजलं याचे आकडे मात्र डेटाबेसमध्ये होते, ते या मार्गाने येत नाहीत.

दहाबारा गाणी संगणकावर वाजवून खात्री करा. त्यानंतरच आयपॉडला हात लावायचा.

डिस्क तपासणं, आणि मग रिस्टोर

'डिस्क वाचता किंवा लिहिता येत नाही' अशा अर्थाचा संदेश आला तर आयट्यून्स बंद करा. 'धिस पीसी'मध्ये आयपॉडवर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक'. विंडोजला फाइलींच्या मांडणीत चुका सापडल्या तर दुरुस्त करू द्या. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

क्लासिकमध्ये फिरणारी हार्ड डिस्क आहे आणि ती आता म्हातारी झालेली असणार. तिची तब्येत आयपॉड स्वतःच सांगतो. रीसेट करा, सफरचंद दिसलं की मधलं बटण आणि डावीकडचं 'मागे'चं बटण दाबून धरा. चाचण्यांचा साधासा पडदा येईल. 'मॅन्युअल टेस्ट', मग 'आयओ', 'हार्ड ड्राइव्ह' आणि 'एचडी स्मार्ट डेटा' असे टप्पे घ्या. तिथे 'रीॲलॉक्स' म्हणजे खराब झाल्याने बदललेले भाग, आणि 'पेंडिंग सेक्टर्स' म्हणजे संशयित भाग. दोन्ही शून्य किंवा शून्याच्या जवळ असतील तर छान. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल किंवा रीॲलॉक्स शेकड्यांत असतील, तर डिस्क जाणार हे धरून चाला. पुन्हा रीसेट केलं की इथून बाहेर पडता येतं. कानाशी धरल्यावर टक् टक् आवाज येत असेल तर आकडे बघायचीही गरज नाही. अशा क्लासिकमध्ये हार्ड डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवून देणारे कारागीर आहेत. मात्र क्लासिकचं धातूचं आवरण उघडणं किचकट आहे, पहिला प्रयोग स्वतःच्या एकुलत्या एक आयपॉडवर नको.

डिस्क ठीक आहे, गाणी वाचवून झाली, केबल तपासलेली आहे, तर आता रिस्टोर. बॅटरी निम्म्याहून जास्त असू द्या, संगणक झोपी जाऊ नये अशी पॉवर सेटिंग करा, इंटरनेट चालू ठेवा, कारण आयट्यून्स आयपॉडचं सॉफ्टवेअर उतरवून घेतं. 'समरी', 'रिस्टोर आयपॉड'. अर्ध्यावर अडकला तर डिस्क मोडमध्ये टाकून पुन्हा लावा. झाल्यावर एकदम सगळी लायब्ररी ओतू नका. आधी दहा गाणी, मग दोनतीनशेच्या खेपा. काही बिनसलं तर कुठल्या खेपेत ते लगेच कळतं.

मॅक असेल तर

२०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर आयट्यून्स नाही. गाणी 'म्युझिक' ॲपमध्ये आणि सिंक 'फाइंडर'मध्ये. आयपॉड बाजूच्या पट्टीत दिसत नसेल तर फाइंडरच्या सेटिंगमध्ये 'साइडबार' उघडून सीडी, डीव्हीडी आणि आयओएस उपकरणांची खूण करा. नव्या मॅकबुकवर नवं यूएसबी उपकरण जोडल्यावर परवानगीची खिडकी येते, ती नजरचुकीने नाकारली गेली असेल तर केबल काढून पुन्हा लावा. डिस्क तपासायला 'डिस्क युटिलिटी'तलं 'फर्स्ट एड' आहे. बाकी लायब्ररी, फाइलचे प्रकार आणि डेटाबेस यांबद्दल वर सांगितलेलं सगळं इथेही लागू.

काढताना

पडद्यावर 'डू नॉट डिस्कनेक्ट' किंवा 'सिंकिंग' असेपर्यंत केबलला हात लावू नका. आयट्यून्समध्ये आयपॉडच्या नावाशेजारच्या इजेक्टच्या खुणेवर क्लिक करा आणि आयपॉडचा नेहमीचा मेनू परत दिसला की मग काढा. तीस पिनी जुन्या केबलींना दोन्ही बाजूंना छोट्या कळा असतात, त्या दाबूनच ओढायची. 'दुसरा प्रोग्रॅम वापरत असल्याने इजेक्ट होत नाही' असं आलं तर एक्सप्लोररमध्ये आयपॉडची खिडकी उघडी राहिली आहे का बघा. ती नसेल तर अँटिव्हायरस नव्या ड्राइव्हची झडती घेत असेल, मिनिटभर थांबून पुन्हा इजेक्ट करा. तरीही हटून बसला तर संगणक रीतसर बंद करा आणि तो पूर्ण बंद झाल्यावर केबल काढा.